टीबी हुंगणारे उंदीर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टांझानियात शिकवलेले मोठे उंदीर माणसाच्या थुंकीचा वास घेऊन टीबी पकडतात, हे कोणाला सांगितलं की आधी विश्वास बसत नाही आणि मग एकामागून एक प्रश्न सुरू होतात. नेहमी येणारे प्रश्न इथे एकत्र केलेत. काहींचं उत्तर एका ओळीत होतं, काहींना वेळ लागतो, कारण मुद्दाच तसा आहे. टीबीने भारतात आजही लाखो घरं हलतात त्यामुळे "गंमतशीर प्राणी" एवढ्यावर हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

उंदीर टीबी "ओळखतो" म्हणजे नक्की काय करतो?

पेशंटला तो बघतही नाही. पेशंटने दवाखान्यात दिलेली थुंकी (बेडका म्हणा) छोट्या डबीत असते, अशा दहा डब्या एका पट्टीत लावून पिंजऱ्याच्या तळाखाली सरकवतात, वर तळाला दहा भोकं असतात आणि त्यांच्यावर सरकती झाकणं. एकेक झाकण उघडतं, उंदीर नाक घालतो, काही वाटलं नाही तर लगेच पुढे. टीबीचा वास आला की तिथेच थांबतो, साधारण तीन सेकंद नाक रोवून ठेवतो, कधी पायाने ओरबाडतो. बस, एवढंच त्याचं काम. बाजूला बसलेला माणूस ते लिहून घेतो. शंभर सॅम्पल एक उंदीर वीसेक मिनिटांत हुंगून मोकळा होतो.

हे सुरू कोणी केलं?

बार्ट वीटयेन्स नावाचा बेल्जियमचा माणूस, प्रॉडक्ट डिझाइन शिकलेला. लहानपणी घरात उंदीर पाळायचा, त्यामुळे हा प्राणी किती हुशार असतो आणि त्याचं नाक किती तिखट असतं हे त्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. १९९७ मध्ये त्याने अपोपो ही संस्था सुरू केली, ती मात्र टीबीसाठी नव्हे, जमिनीत पुरलेले भूसुरुंग शोधण्यासाठी. पुढे संस्थेचं मुख्य ठिकाण टांझानियातल्या मोरोगोरो गावी सोकोइने कृषी विद्यापीठात झालं. सुरुंगाच्या कामात हे उंदीर खरे उतरले, मोझांबिक २०१५ मध्ये सुरुंगमुक्त जाहीर झाला त्यात त्यांचा वाटा होता, आणि कंबोडियात काम केलेल्या मगावा नावाच्या उंदराला २०२० मध्ये ब्रिटनच्या पीडीएसए या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेने सुवर्णपदक दिलं, उंदराला असं पदक पहिल्यांदाच मिळत होतं.

मग विचार आला की टीएनटीचा (सुरुंगातल्या स्फोटकाचा) वास पकडणारं नाक जंतूचा का नाही पकडणार? २००७ पासून टांझानियात दवाखान्यांची सॅम्पल नियमित यायला लागली, २०१३ मध्ये मोझांबिकची राजधानी मापुतो, नंतर इथिओपियात अदिस अबाबा.

हा उंदीर कुठला? आपल्याकडची घूसच ना?

नाही, पण फोटो बघून मराठी माणसाला पहिल्यांदा घूसच आठवते हे खरं. हा आफ्रिकेतला पिशवीवाला मोठा उंदीर, शास्त्रीय नाव क्रिसेटोमिस अन्सॉर्जी. गालाच्या आत पिशव्या असतात, त्यात दाणे कोंबून बिळात नेतो म्हणून ते नाव. वजन किलो-सव्वा किलोच्या आसपास, शेपटीसकट लांबी जवळजवळ तीन फूट आणि त्यातली अर्धी शेपटीच. निशाचर आहे, नजर अधू, सगळं जगणं नाकावर. पाळलेला असला तर आठ वर्षांपर्यंत जगतो, घरात फिरणाऱ्या साध्या उंदरापेक्षा खूपच जास्त, आणि ट्रेनिंगवर इतका वेळ घालवणं परवडतं ते त्यामुळेच.

टीबीला वास असतो का? आम्हाला तर कधी आला नाही.

असतो. जंतू जिवंत असतात, खातात, वाढतात, आणि ते करताना हवेत उडणारी बारीक रसायनं सोडतात. टीबीच्या जंतूंमधून मिथाईल निकोटिनेट आणि अशी आणखी काही रसायनं निघतात हे प्रयोगशाळेत दिसलेलं आहे, आणि जॉर्जिस म्गोडे या टांझानियाच्या शास्त्रज्ञाने उंदीर नेमके कोणते वास धरून सॅम्पल निवडतात यावर बरंच काम केलंय. उंदीर बहुतेक एका रसायनावर जात नाही, अनेक वासांचं मिश्रण धरतो.

कल्पना म्हणून हे नवीन अजिबात नाही. हिपोक्रेटिस या प्राचीन ग्रीक वैद्याच्या सूत्रांमध्ये लिहिलंय की क्षयाच्या रोग्याची थुंकी निखाऱ्यावर टाकल्यावर जड दुर्गंध आला तर लक्षण वाईट. आपल्याकडे सुश्रुतसंहितेत रोग जाणायचे सहा मार्ग सांगितलेत, पाच ज्ञानेंद्रियं आणि सहावा प्रश्न विचारणं, म्हणजे नाक त्यात आलंच. माणसाचं नाक फार पुढे जात नाही एवढीच अडचण होती.

मायक्रोस्कोप आहे की, मग उंदीर कशाला?

हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न, याचं उत्तर नीट वाचा.

रॉबर्ट कॉखने २४ मार्च १८८२ ला टीबीचा जंतू सापडल्याचं जाहीर केलं, आणि त्यानंतर शंभराहून जास्त वर्षं जगातल्या गरीब भागांत निदानाची पद्धत मूळात एकच राहिली: थुंकी काचेवर पसरा, रंग द्या, मायक्रोस्कोपखाली लाल काड्या शोधा. स्वस्त आहे, खेड्यातही होते. पण एक मिलिलिटर थुंकीत साधारण पाच ते दहा हजार जंतू असल्याशिवाय त्या काड्या दिसतच नाहीत. आता ज्याच्या थुंकीत त्यापेक्षा कमी जंतू आहेत त्याचं काय? त्याचा रिपोर्ट निगेटिव्ह येतो. त्याला टीबी नाही म्हणून सांगतात. तो घरी जातो, खोकत राहतो.

आणि असे पेशंट थोडेथोडके नसतात, साध्या मायक्रोस्कोपीत खऱ्या पेशंटपैकी निम्म्याच्या आसपास सुटू शकतात, एचआयव्ही असेल तर आणखी जास्त कारण त्यांच्या थुंकीत जंतूच कमी येतात. त्यात टेक्निशियनची हालत बघा. नीट काम करायचं तर एकाने दिवसात वीस-पंचवीस स्लाइडपेक्षा जास्त बघू नयेत असं सांगितलं जातं, एका एका स्लाइडवर शंभर शंभर फील्ड (भिंगाखाली एका वेळी दिसणारा तुकडा) सरकवायची, डोळे शिणतात, आणि गर्दीच्या सेंटरला ढीग त्याहून मोठा असतो. शंभर सॅम्पलला त्याला चारेक दिवस जातात. चूक होते ती आळसाने नाही, माणसाच्या डोळ्याला मर्यादा आहेत म्हणून.

उंदीर नेमका इथे कामाला येतो. दवाखान्याने निगेटिव्ह म्हणून बाजूला ठेवलेली थुंकी त्याच्यासमोर परत ठेवतात. हे दुसऱ्यांदा बघणं माणसाकडून करून घ्यायचं तर कोणाला परवडणार नाही, उंदराला ते काही मिनिटांचं काम. अपोपो सांगते की त्यांच्या भागीदार दवाखान्यांमध्ये सापडणाऱ्या टीबी पेशंटची संख्या यामुळे ४० टक्क्यांच्या आसपास वाढते. म्हणजे दवाखान्याला स्वतःहून शंभर सापडले असतील तर चाळीसेक आणखी, आणि ते चाळीस सगळे घरी पाठवून दिलेले लोक. उपचार न झालेला फुप्फुसाच्या टीबीचा एक पेशंट वर्षभरात १० ते १५ जणांना संसर्ग देऊ शकतो असं धरतात, त्यामुळे तो एक सापडण्याची किंमत त्याच्या एकट्यापुरती राहत नाही.

ट्रेनिंग कसं देतात? मारतात वगैरे का?

मारून काहीच होणार नाही. सगळं खाण्यावर चालतं.

पिल्लं मोरोगोरोच्या केंद्रातच जन्मतात. साधारण चार आठवड्यांनी डोळे उघडले की माणसांची सवय लावायला सुरुवात, हातात घेणं, बाहेर नेणं, गाडीचा आवाज, वेगवेगळ्या माणसांचा वास, जेणेकरून पुढे कशालाच बुजू नये. मग क्लिकर. "टिक" असा आवाज झाला की खाऊ मिळतो हे आधी डोक्यात बसवतात (केळं, शेंगदाणे, असं काहीतरी कुस्करलेलं). ते पक्कं झालं की टीबी असलेल्या सॅम्पलवर नाक ठेवलं तरच टिक. मग त्याच्या शेजारी टीबी नसलेलं सॅम्पल ठेवायचं. मग नाक ठेवायचा वेळ हळूहळू वाढवायचा. मग दोनाचे चार, चाराचे दहा.

साधारण नऊ महिने जातात. शेवटी परीक्षा असते, त्यात पास झाला तरच खरं काम. नापास झालेल्याला परत शिकवतात किंवा दुसऱ्या कामाला लावतात, काही केंद्रातच पैदाशीला राहतात.

आठवड्यातले कामाचे दिवस ठरलेले, रोजचं काम थोड्याच वेळाचं, बाकी वेळ आराम, आणि म्हातारे झाले किंवा काम करायला नाखूष दिसले की निवृत्ती. निवृत्त झाल्यावरही केंद्रातच सांभाळतात. प्राण्यांना वापरून घ्यायचं आणि टाकून द्यायचं असा प्रकार नाहीये म्हणून मला हा प्रकल्प आवडतो हे सांगून टाकतो.

रोजच्या कामात कोणाला टीबी आहे हे माणसालाच माहीत नसतं, मग उंदराला बक्षीस कधी देणार?

हा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांना मानलं. अडचण खरीच आहे: सॅम्पल निगेटिव्ह म्हणून आलंय, उंदीर म्हणतोय टीबी आहे, तो बरोबर की चूक हे उद्या लॅबमधून कळणार. उद्या केळं देऊन उपयोग नाही, क्लिक त्याच क्षणी लागतो. आणि नुसतं थांबलं म्हणून दरवेळी दिला तर तो हुशार प्राणी आहे, दोन दिवसांत प्रत्येक भोकावर थांबायला लागेल.

तर युक्ती अशी की दहाच्या पट्टीत काही सॅम्पल आधीपासून पक्की पॉझिटिव्ह असतात, दवाखान्याच्या मायक्रोस्कोपीत सापडलेली. उंदराने ती दाखवली की टिक आणि खाऊ. बाकीच्यांवर थांबला तर फक्त नोंद, खाऊ नाही. यातून त्याची शिकवण टिकते आणि शिवाय रोजच्या रोज परीक्षाही होत राहते, कारण एखादा उंदीर ठाऊक असलेली पॉझिटिव्ह सॅम्पलंच सोडायला लागला तर त्या दिवशीच्या त्याच्या बाकीच्या निकालांवर भरवसा ठेवायचा नाही हे लगेच कळतं. मशीनला जसं कंट्रोल, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेलं सॅम्पल, लावतात तसंच हे.

मग उंदीर म्हणाला की झालं निदान? डॉक्टरची गरज नाही?

असं अजिबात नाही, डॉक्टर लागतोच, आणि बातम्यांमध्ये हाच भाग गाळला जातो म्हणून चीड येते.

उंदराने दाखवलेलं सॅम्पल फक्त "परत बघा" या यादीत जातं. मग माणसं ते लॅबमध्ये जास्त चांगल्या पद्धतीने तपासतात, थुंकी घट्ट करून एलईडी फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली किंवा जंतूचा डीएनए शोधणाऱ्या जीनएक्स्पर्ट मशीनवर, आणि तिथे पक्कं झालं तरच दवाखान्याला कळवतात. उंदराने दाखवलेल्या बऱ्याच सॅम्पलमध्ये पुढे काही निघत नाही. काही पॉझिटिव्ह तोही सोडतो. एकाच्या नाकावर न जाता एकच सॅम्पल बरेच उंदीर हुंगतात ते त्यासाठीच. जागतिक आरोग्य संघटनेने उंदीर ही निदानाची पद्धत म्हणून मान्य केलेली नाही, आणि संस्थाही तसा दावा करत नाही, त्यांच्या बोलण्यात तो दुसऱ्या फळीचा स्क्रीनिंगच असतो.

आता कोणी म्हणेल मग सरळ सगळी सॅम्पल मशीनवरच का नाही टाकत? टाकता आली तर उत्तमच. पण मशीनची एकेक कार्ट्रिज (दर तपासणीला नवी लागणारी डबी) पैशाची, वीज हवी, दुरुस्तीला माणूस हवा. शंभरातली वीस संशयित उंदराने वेगळी करून दिली तर कार्ट्रिज वीसच लागतात. गरीब देशातल्या आरोग्य खात्याला हा हिशोब फार मोठा असतो.

सापडल्यावर पेशंटला शोधायचं कसं? तो तर घरी गेला.

हा भाग उंदरापेक्षा कठीण आहे असं माझं मत. टांझानियातल्या दार-ए-सलामसारख्या शहरात माणूस पत्ता देतो तो अर्धवट, फोन बदलतो, खोली बदलतो. म्हणून वेगावर जोर दिलाय. मोटरसायकलवाले दवाखान्यांतून सॅम्पल गोळा करतात, लॅब शहरातच आहे, आणि निकाल २४ तासांच्या आत परत द्यायचा असं धोरण, कारण जितके दिवस जास्त तितका माणूस हातातून जातो. शिवाय मकुटा नावाची संघटना आहे, त्यात स्वतः टीबीतून बरे झालेले लोक स्वयंसेवक म्हणून काम करतात, ते घरोघर जाऊन पेशंट शोधतात आणि गोळ्या सुरू होईपर्यंत पाठपुरावा करतात. आपल्याकडे आशाताई जे करतात त्याच्या जवळचं काम. बरा झालेला माणूस दारात उभा राहून सांगतो तेव्हा ऐकणाऱ्याची भीती वेगळ्या प्रकारे कमी होते, रिपोर्टच्या कागदाने ते होत नाही.

लहान मुलांच्या बाबतीत उपयोग होतो का?

होतो, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त तिथेच. लहान मुलांना खोल खोकून थुंकी काढता येत नाही, गिळून टाकतात, जी मिळते त्यात जंतू अगदी कमी. त्यामुळे मुलांचा टीबी मायक्रोस्कोपखाली सगळ्यात जास्त सुटतो. २०१८ मध्ये म्गोडे आणि सहकाऱ्यांनी टांझानियातल्या मुलांच्या सॅम्पलवरचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात नुसत्या मायक्रोस्कोपीपेक्षा उंदरांच्या मदतीने सापडलेली मुलं दोन तृतीयांशाने जास्त होती. आईवडिलांना "काही नाही, साधा खोकला आहे" असं सांगून परत पाठवलेली मुलं ती.

उंदरांनी लेप्टो होतो, प्लेग होतो, आणि तुम्ही त्यालाच लॅबमध्ये बसवताय?

भीती बरोबर आहे. पावसाळ्यात साठलेल्या पाण्यातून लेप्टो होतो हे मुंबईकराला सांगायला नको, तिथे तर महापालिका रात्री उंदीर मारायला माणसं नेमते. पण हे उंदीर गटारातून आणलेले नाहीत, पिढ्यान्पिढ्या केंद्रातच वाढलेले आहेत, जनावरांचे डॉक्टर त्यांना नियमित तपासतात, आणि पेशंटशी त्यांचा संबंधच येत नाही.

उलट्या बाजूने, थुंकीतून उंदराला किंवा त्याला सांभाळणाऱ्या माणसाला टीबी होऊ नये म्हणून सॅम्पल आधी ९० अंशांवर अर्धा तास तापवतात. जंतू मरतात, वास शिल्लक राहतो. इतकी साधी गोष्ट पण सगळं त्यावर उभं आहे.

मात्र कोणाला वाटत असेल की असा उंदीर आणून घरी पाळावा तर कृपा करून नको. २००३ मध्ये घानातून अमेरिकेत पाळीव प्राणी म्हणून विकायला आणलेल्या प्राण्यांमध्ये याच जातकुळीचे उंदीर होते, त्यांच्याबरोबर मंकीपॉक्स गेला, तो प्रेअरी डॉग नावाच्या प्राण्यांना लागला आणि त्यांच्याकडून माणसांना, ४७ पक्क्या आणि संभाव्य केसेस झाल्या. फ्लोरिडाच्या बेटांवर सुटलेल्या अशाच उंदरांनी पैदास करून डोकेदुखी केली ती वेगळीच.

कुत्र्याचं नाक तर प्रसिद्ध आहे, मग कुत्रे का नाही?

कुत्र्यांवर खूप काम झालंय, टीबीपेक्षा दुसऱ्या आजारांवर जास्त. १९८९ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात दोन डॉक्टरांचं छोटं पत्र आलं, एका बाईची कुत्री तिच्या पायावरचा एकच तीळ सारखा हुंगायची, तपासल्यावर तो मेलानोमा, म्हणजे त्वचेचा कॅन्सर, निघाला, तिथून हा विषय गंभीरपणे घ्यायला सुरुवात झाली असं म्हणतात. २००४ मध्ये ब्रिटनमध्ये लघवीच्या वासावरून मूत्राशयाचा कॅन्सर ओळखायचा प्रयोग झाला, ५४ पैकी २२ वेळा कुत्रे बरोबर आले, म्हणजे ४१ टक्के, नुसत्या नशिबाने आले असते १४ टक्के. बघा, फरक खरा आहे पण हॉस्पिटलात वापरावं इतका नाही. अॅमस्टरडॅमला क्लिफ नावाच्या बीगल कुत्र्याने वॉर्डमधून चालत जाऊन आतड्याच्या एका हट्टी जंतूचे ३० पैकी २५ पेशंट ओळखले, ते २०१२ साली छापून आलं. गांबियातल्या शाळकरी मुलांनी रात्रभर घातलेले मोजे ब्रिटनला पाठवले होते, तिथल्या कुत्र्यांनी मलेरिया असलेल्या मुलांपैकी ७० टक्के ओळखली, आणि त्या मुलांना ताप वगैरे काही लक्षण नव्हतं. कोविडच्या काळात आपल्या लष्करानेही कुत्रे तयार केले होते, फेब्रुवारी २०२१ मध्ये दिल्लीत दाखवलेही, कॉकर स्पॅनियल कॅस्पर आणि तमिळनाडूच्या चिप्पिपराई जातीचे जया आणि मणी, घाम आणि लघवीच्या सॅम्पलवर.

पण रोज शेकडो डब्या हुंगायच्या कंटाळवाण्या कामाला उंदीर जास्त सोयीचा. खायला कमी, जागा कमी, आणि एका माणसावर जीव जडवून बसत नाही त्यामुळे ट्रेनर बदलला तरी काम चालू राहतं, कुत्र्याचं तसं नसतं.

माझा कुत्रा काही दिवस माझ्या एकाच जागी हुंगतोय, घाबरू का?

घाबरू नका. तिथे गाठ, न भरणारी जखम, बदलणारा तीळ असं काही असेल तर डॉक्टरला दाखवा, कुत्रा हुंगत नसता तरी दाखवायलाच हवं होतं. काही नसेल तर बहुतेक तुमच्या साबणाचा किंवा खाण्याचा वास असेल.

भारतात हे उंदीर आहेत का? आणायला नकोत का?

आपल्या सरकारी टीबी कार्यक्रमात उंदीर नाहीत. मायक्रोस्कोपी, एक्स-रे, सीबीनॅट (वर आलेलं जीनएक्स्पर्टच) आणि ट्रूनॅट यांवर निदान होतं. यातलं ट्रूनॅट म्हणजे आपल्या गोव्यातल्या मोलबायो कंपनीचं, बॅटरीवर चालणारं छोटं मशीन, एसी खोली लागत नाही, २०२० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने त्याला मान्यता दिली. प्राथमिक आरोग्य केंद्रात ठेवता येईल अशी मॉलिक्युलर (जंतूचा डीएनए शोधणारी) टेस्ट आपल्या शेजारी बनते याचा मला मनापासून अभिमान आहे.

आणावेत का याबद्दल माझं मत सांगतो, पटलं तर घ्या. बाहेरची जात इथे आणणं जोखमीचं, वर फ्लोरिडाचं सांगितलंच. आणि आपल्याकडे एक अशी अडचण आहे जिला उंदराकडे उत्तर नाही: औषधांना न जुमानणारा टीबी. उंदीर टीबी आहे का एवढं सांगतो, रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध लागू पडेल की नाही ते सांगू शकत नाही. सीबीनॅट दोनेक तासांत दोन्ही सांगतं. मुंबईत रेझिस्टंट टीबीची काय स्थिती आहे हे ज्यांनी घरात भोगलंय त्यांना या फरकाचं महत्त्व कळेल, चुकीच्या गोळ्यांवर गेलेले महिने परत येत नाहीत.

म्हणून उंदरापेक्षा उंदरामागचा विचार आपण घ्यावा असं वाटतं. निगेटिव्ह आलेल्यांकडे परत बघायचं, आणि ते पटकन बघायचं. जगातले चारातला एक टीबी पेशंट भारतातला आहे (२०२३ च्या अंदाजात २६ टक्के), आणि मशीनं पोचली तरी बऱ्याच ठिकाणी चिप नाहीत, कार्ट्रिज संपल्यात म्हणून पहिली तपासणी मायक्रोस्कोपवरच थांबते. तिथे सुटलेला माणूस कोण परत बोलावतंय?

फुप्फुसाबाहेरचा टीबी उंदराला कळतो का, म्हणजे गाठीचा, मणक्याचा?

या पद्धतीत नाही. तो थुंकी हुंगतो, आणि त्या टीबीत जंतू थुंकीत येत नाहीत.

इलेक्ट्रॉनिक नाक आलं की उंदीर जातील का?

जावेत अशीच इच्छा आहे, पण अजून रोजच्या वापरात तसं स्वस्त यंत्र नाही. प्राण्यांच्या नाकावरून नेमकी रसायनं कोणती ते शोधायचं आणि मग मशीन बनवायचं, असा हा रस्ता आहे. पार्किन्सनच्या बाबतीत तो चालू झालाय, तिथे तर नाक माणसाचंच होतं: स्कॉटलंडच्या जॉय मिल्न या नर्सबाईंना नवऱ्याच्या अंगाचा वास बदलल्याचं आजार कळायच्या कितीतरी वर्षं आधी जाणवलं होतं. एडिंबरामध्ये त्यांना बारा टी-शर्ट हुंगायला दिले, सहा पेशंटचे, सहा निरोगी लोकांचे. सहाही पेशंट बरोबर ओळखले, आणि एक निरोगी माणूसही पेशंट म्हणून सांगितला. ती चूक धरली गेली. काही महिन्यांनी त्या माणसाला पार्किन्सनचं निदान झालं. त्यानंतर मँचेस्टरच्या शास्त्रज्ञांनी त्वचेवरच्या तेलकट थरातली रसायनं शोधायला घेतली.

माझी थुंकी निगेटिव्ह आली पण खोकला जातच नाहीये, काय करू?

परत जा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं, रात्री घाम, थुंकीत रक्त, यातलं काहीही असेल तर एका निगेटिव्ह रिपोर्टवर गप्प बसू नका. स्पष्ट विचारा की तपासणी मायक्रोस्कोपची झाली की नॅटची (सीबीनॅट किंवा ट्रूनॅट), आणि नॅट झाली नसेल तर ती आणि छातीचा एक्स-रे होईल का. सरकारी केंद्रात तपासणी आणि औषधं दोन्ही फुकट आहेत, निक्षय या सरकारी टीबी नोंदणीत नाव आलं की उपचार चालू असेपर्यंत पोषणासाठी महिन्याला १००० रुपये खात्यात येतात (नोव्हेंबर २०२४ आधी ५०० होते). कुठे जायचं कळत नसेल तर निक्षय हेल्पलाइन १८००-११-६६६६.

सॅम्पल देताना काय काळजी घ्यायची?

मशीन असो, मायक्रोस्कोप असो की उंदीर, डबीत लाळ असेल तर कोणालाच काही सापडणार नाही आणि निगेटिव्ह येण्याचं हे एक मोठं कारण आहे, पण रांगेत उभं असताना कोणी नीट समजावून सांगत नाही. सकाळी उठल्या उठल्याची थुंकी सगळ्यात चांगली. आधी साध्या पाण्याने चूळ भरा, म्हणजे अन्नाचे कण येणार नाहीत. मोकळ्या हवेत जा, लोकांपासून लांब. दोन-तीन वेळा खोल श्वास घ्या, थोडा धरा, आणि छातीतून जोर लावून खोका, घशातून खाकरून नाही. जाडसर, चिकट, पिवळसर आलं तर बरोबर. पाण्यासारखं, फेसाळ आलं तर ती लाळ, परत प्रयत्न करा. झाकण घट्ट लावा, डबीवर नाव आहे का बघा आणि जितक्या लवकर होईल तितक्या लवकर केंद्रात पोचवा, उन्हात गाडीच्या डिकीत ठेवू नका.